कोथिंबिरीला फूल येऊ द्या

गेल्या हिवाळ्यात आमच्या भरताच्या वांग्यात दर चार सऱ्यांनंतर एक सरी कोथिंबिरीची होती. वावर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. कोथिंबीर वाढली, जून झाली, तिला पांढरी फुलं आली, तरी ती उपटून बाजारात नेली नाही. शेजारचे आबा रोज बांधावरून बघत जायचे. शेवटी एका सकाळी थांबले आणि म्हणाले, "वांगामा धना कसाले लाया भाऊ?"

मी म्हटलं, किडीसाठी. त्यावर त्यांनी विचारलं, वासाने कीड पळते होय?

हा प्रश्न फक्त आबांचा नाही. झेंडू लावा, तुळस लावा, उग्र वासाने कीड दूर राहते, असं आपण सगळीकडे ऐकतो. त्यात थोडं तथ्य आहे, पण तो या गोष्टीचा लहान भाग. मोठा भाग नेमका उलटा आहे. अशी झाडं कुणाला पळवायला नाही, तर कुणाला तरी बोलवायला लावायची असतात. आणि बोलावलेल्या पाहुण्याला जेवायला घालावं लागतं. ते जेवण पानात नसतं, फुलात असतं. म्हणून मी कोथिंबीर उपटली नव्हती.

एकाच कीटकाचे दोन जन्म

पिकावरची कीड खाणारे कीटक आपण मित्रकीटक म्हणून ओळखतो. पण ते आयुष्यभर कीडच खात नाहीत, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींचं लहानपणाचं जेवण वेगळं आणि मोठेपणाचं वेगळं.

सिरफिड माशी घ्या. अंगावर पिवळे-काळे पट्टे, दिसायला छोट्या मधमाशीसारखी, पण पंख दोनच आणि नांगी नाही. हवेत एका जागी थांबते, मग झटकन बाजूला सरकते. ही माशी स्वतः मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, खात नाही. तिला फुलातला मध आणि पराग लागतो. मात्र ती अंडी घालते ती माव्याच्या वस्तीत, आणि अंड्यातून निघालेली अळी मुख्यतः मावा खाते. ही अळी मी चवळीच्या शेंगेवर बघितली आहे. पाय नाहीत, डोळे दिसत नाहीत, गोगलगाईच्या पिल्लासारखी चपटी आणि हिरवट. डोकं इकडेतिकडे फिरवत चाचपडते, एखादा मावा लागला की त्याला तोंडात धरून वर उचलते आणि शोषत राहते. थोड्या वेळाने रिकामं सालपट खाली टाकते आणि पुन्हा चाचपडायला लागते. शेंग काळीभोर भरलेली असली तरी तिला घाई नसते.

क्रायसोपाचं तसंच. फिकट हिरवा, जाळीदार पंखांचा, संध्याकाळी दिव्यावर येतो तो. आपल्याकडे सहसा दिसणाऱ्या क्रायसोपाचा प्रौढ मध, पराग आणि माव्याने टाकलेला गोड चिकटा यांवर जगतो. त्याची अळी मात्र विळ्यासारख्या जबड्यांनी मावा, फुलकिडे, लहान अळ्या, अंडी, जे मऊ सापडेल ते फस्त करते. याची अंडी ओळखणं सोपं आहे. पानावर केसाएवढी बारीक दांडी उभी आणि तिच्या टोकाला पांढरट-हिरवा दाणा.

तिसरा गट सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी दिसणारा, परजीवी गांधीलमाश्यांचा. घराच्या आढ्याला पोळं करून चावणारी ती ही नव्हे. या माश्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. ट्रायकोग्रामा ही त्यातली आपल्याला नावाने माहीत असलेली, जिची ट्रायकोकार्डं, म्हणजे अंडी चिकटवलेले कागद, मिळतात. ती साधारण अर्धा मिलिमीटर लांब, म्हणजे छापील पूर्णविरामाएवढी. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. त्या अंड्यातून अळी निघायची ती निघत नाही, अंडं काळं पडतं आणि काही दिवसांनी त्यातून नवी ट्रायकोग्रामा बाहेर येते. दुसऱ्या काही जाती थेट अळीच्या अंगात अंडं घालतात. माव्याच्या अंगात घालणाऱ्याही आहेत. या सगळ्यांची पिल्लं किडीवर पोसली जातात, पण आईला अंगात बळ राहायला गोड लागतं. अनेक जातींमध्ये माशीला गोड काही मिळालं नाही तर ती दोन-तीन दिवसांत मरते. मिळालं तर कितीतरी पट जास्त जगते, आणि जगली तर जास्त अंडी घालते.

ढालकिडा, ज्याला आपण चित्रांग भुंगेराही म्हणतो, तो या बाबतीत थोडा वेगळा. तो स्वतःही मावा खातो आणि त्याची अळीही खाते. पण मावा कमी असतो त्या दिवसांत त्यालाही परागावर भागवावं लागतं.

आता आपलं वावर डोळ्यांसमोर आणा. जुलैत नजर जाईल तिथवर कपाशी, मध्ये गवताची काडी नाही, बांधावर तणनाशक मारून सगळं पिवळं केलेलं. मावा आहे, तुडतुडे आहेत, पण एकही उघडं फूल नाही. गांधीलमाशी अशा वावरात आली तरी ती थांबेल कशाला?

भुकेली माशी काय शोधते

यावर एक सुंदर प्रयोग आहे. १९९० साली अमेरिकेत लुईस आणि ताकासू या दोन शास्त्रज्ञांनी परजीवी गांधीलमाश्यांना दोन अनोळखी वास शिकवले, एक व्हॅनिलाचा आणि एक चॉकलेटचा. एका वासाबरोबर साखरपाणी दिलं, दुसऱ्याबरोबर अंडं घालायला अळी दिली. माश्या दोन्ही वास शिकल्या. मग त्यांना दोन्ही वास एकदम दिले. पोट भरलेल्या माश्या अळीच्या वासाकडे गेल्या आणि भुकेल्या माश्या साखरपाण्याच्या वासाकडे.

या एका प्रयोगात आपल्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याला वाटतं की वावरात अळी आहे म्हणजे अळीचा शत्रू आपोआप येईल. येतोही. पण तो उपाशी असेल तर आधी फूल शोधायला निघून जातो. जेवणाची जागा दोन शेतं पलीकडे असेल तर त्याचा निम्मा जीव येण्याजाण्यातच खर्च होतो. जेवण वांग्याच्या सरीला लागूनच असेल तर तो खाऊन लगेच कामाला लागतो. माश्या वास शिकतात हेही यातून कळतं. ज्या वासाजवळ एकदा खायला मिळालं, तो वास त्यांच्या लक्षात राहतो.

वासाचं काम इथे येतं. वास म्हणजे खाणावळीची पाटी. तो वाऱ्यावर लांब जातो, कीटक मिशांनी तो पकडतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येतो. पण पाटी आहे आणि आत चूल पेटलेली नाही, असं झालं तर गिऱ्हाईक माघारी फिरतं. फूल न आलेली कोथिंबीर, मंजिऱ्या खुडलेली तुळस ही तशी बंद खाणावळ आहे.

धन्याचंच फूल का

फूल कुठलंही चालत नाही. परजीवी गांधीलमाशीचं तोंड आखूड असतं. ज्या फुलाचा मध खोल नळीच्या तळाशी आहे, ते तिच्यासाठी खोल विहिरीसारखं, पाणी दिसतं पण पोहरा पोचत नाही. मधमाशीची किंवा फुलपाखराची सोंड तिथे जाते, हिची जात नाही.

कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, जिरं, गाजर हे सगळे एकाच कुळातले. यांची फुलं छत्रीसारख्या गुच्छात येतात. सकाळी आठच्या सुमारास, दव उडाल्यावर, कोथिंबिरीचा एक गुच्छ भिंगातून बघा. पाच पांढऱ्या पाकळ्या, कडेच्या फुलांत बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या मोठ्या. फुलाच्या मधोमध दोन फुगीर गाद्या असतात आणि त्यांच्यावर मध पातळ थरात उघडा चकाकत असतो. वाटीत नाही, नळीत नाही, थेट ताटात वाढलेला. त्यावर मुंगीपेक्षाही बारीक काळ्या माश्या मिशा हलवत फिरताना दिसतात. उभ्याने बघितलं तर त्या दिसतच नाहीत. उकिडवं बसून, नाक फुलाजवळ नेऊन बघावं लागतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एका गुच्छावर चार वेगवेगळ्या प्रकारच्या माश्या होत्या, आणि तेवढे दिवस मी त्या सरीजवळून रोज जात होतो.

झेंडू, सूर्यफूल, बांधावरची एकदांडी यांचाही उपयोग होतो, कारण ते वेगवेगळ्या कीटकांना पराग आणि मध देतात. पण झेंडूच्या हार-तोरणासाठीच्या भरगच्च, गेंद्यासारख्या जातींमध्ये मधापर्यंत पोचणं लहान कीटकांना अवघड जातं. तुळशीचं फूल लहान असलं तरी तिच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या आणि सिरफिड दिवसभर असतात. अंगणातल्या वृंदावनातली तुळस डेरेदार राहावी म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो, ते तिथे ठीक. बांधावरच्या तुळशीच्या खुडू नका.

झाडाची हाक

अजून एक गोष्ट, जी कळल्यापासून मी वावराकडे वेगळ्या नजरेने बघतो. कीड लागलेलं झाड स्वतःही वास सोडतं. गवत कापल्यावर येणारा हिरवा वास आपल्याला माहीत आहे, तो जखमी पानाचा वास आहे. पण नुसती जखम आणि अळीने खाणं यांतला फरक झाड ओळखतं. १९९० मध्येच टर्लिंग्ज, टम्लिन्सन आणि लुईस यांनी मक्याच्या रोपांवर हे दाखवून दिलं. अळीने कुरतडलेलं रोप काही तासांनी वेगळीच वायुरूप द्रव्यं सोडू लागतं आणि परजीवी गांधीलमाशी त्या वासाच्या मागावर येते. नुसत्या ब्लेडने कापलेल्या रोपाकडे ती तशी येत नाही. पण त्याच जखमेवर अळीची लाळ लावली की येते.

म्हणजे पीक हाक मारतंच आहे. फुलांची सरी त्या हाकेच्या टप्प्यात माशीला थांबवून ठेवते. या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात.

आता पळवण्याचा भाग. कीड आपलं पीक बऱ्याच अंशी वासाने शोधते. वांग्यात कोथिंबीर किंवा बडीशेप मिसळली की वांग्याचा वास त्यात काहीसा हरवतो आणि पतंगाला झाड शोधायला वेळ लागतो. वांग्यात कोथिंबीर किंवा बडीशेप आंतरपीक घेतल्यावर शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीचा त्रास कमी होतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. त्यात वासाने झालेल्या गोंधळाचाही वाटा आहे आणि मित्रकीटकांचाही. उघड्या वावरात वारा सुटला की नुसता वास फार काळ टिकत नाही, म्हणून एकट्या त्या भागावर भिस्त ठेवू नये असं माझं मत आहे.

पळवणं आणि बोलावणं दोन्ही मुद्दाम एकत्र करून उभी केलेली पद्धत केनियात आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय कीटकशास्त्र केंद्रात झेयाउर खान या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात सहकाऱ्यांबरोबर ती घडवली. मक्यातल्या खोडकिडीसाठी ओळींमध्ये डेस्मोडियम हे द्विदल चाऱ्याचं पीक, जे पतंगाला नकोसं वाटतं, आणि शेताच्या कडेने नेपियर गवत, जे त्याला हवंसं वाटतं. त्यांनी वापरलेल्या आणखी एका उग्र वासाच्या गवताचा परिणाम असा दिसला की ते मक्यात लावलं की परजीवी माश्या वाढतात. कीड लागलेलं झाड जी हाक मारतं, तशीच हाक हे गवत कीड नसतानाही मारत राहतं.

आपल्या पिकांत कुठे, काय

हरभऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ दिसते. हरभऱ्याच्या घाटेअळीवर कॅम्पोलेटिस नावाची एक परजीवी गांधीलमाशी आहे. अळी लहान असतानाच ती तिच्या अंगात अंडं घालते. अळी मोठी होऊन घाटे पोखरायच्या आधीच मरते. नंतर पानावर गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान, करड्या-पांढऱ्या रंगाचा, काळसर ठिपक्यांचा कोश चिकटलेला दिसतो आणि शेजारी मेलेल्या अळीचं वाळकं कातडं. हा कोश दिसला की समजा, तुमच्या वावरात काम चालू आहे. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी असल्या की या माशीचं प्रमाण वाढतं, हे देशात अनेक ठिकाणी तपासून झालं आहे. रब्बीतलं थंड हवामान दोन्ही पिकांना मानवतं, हा वरचा फायदा. हरभऱ्यात थोडी ज्वारी विखरून पेरण्याची जुनी रीतही सोडू नका. त्या ताटांवर बसून पक्षी मोठ्या अळ्या टिपतात, ज्या माशीच्या हाताबाहेर गेलेल्या असतात.

कपाशीत कोथिंबीर पावसाळ्यात नीट येत नाही. तिथे चवळी चांगली. कडेने चवळी किंवा मक्याची ओळ लावण्याची शिफारस आपण ऐकतो, पण का, ते क्वचित सांगितलं जातं. चवळीवर काळा मावा येतो, मक्यावर वेगळा मावा येतो. कपाशीवर येणारा नेहमीचा मावा या दोघांहून वेगळ्या जातीचा. म्हणजे चवळीवरचा काळा मावा ढालकिड्यांचं आणि सिरफिडचं अन्न होतो, त्यांची पहिली पिढी तिथे वाढते आणि कपाशीवर मावा आला की ती तिकडे सरकते. चवळीवर मावा दिसला म्हणून घाईने फवारा मारला तर आपण आपलीच फौज छावणीत मारून टाकतो.

शिवाय कपाशी स्वतःही मध देते, आणि तो फक्त फुलात नाही. पानाच्या मागे मधल्या शिरेवर, देठापासून थोडं वर, एक बारीक खळगी असते. सकाळी त्यात गोड थेंब येतो. पात्या-बोंडांच्या आवरणाशीही अशा ग्रंथी असतात. चवळीलाही असतात. मुंग्या त्या पानांवर का फिरतात याचं हे एक कारण. फुलं यायच्या आधीच्या दिवसांत मित्रकीटकांना एवढा आधार पुष्कळ होतो, फक्त त्या दिवसांत विषारी फवारा मारलेला नको.

टोमॅटोत झेंडू लावतात तो वेगळ्या कामासाठी, आणि ही दोन कामं लोक एक समजतात. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस अशी आहे: टोमॅटोच्या दर १६ ओळींना झेंडूची १ ओळ, झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात. इथे झेंडू सापळा आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. मग त्या कळ्या आणि अळ्या वेळेवर नष्ट कराव्या लागतात. केल्या नाहीत तर सापळ्याची नर्सरी होते. झेंडूच्या मुळांतून निघणारं द्रव्य जमिनीतल्या सूत्रकृमींना मारक ठरतं, हा त्याचा तिसरा गुण.

केळीवाल्यांनी मात्र इथे थांबून वाचावं. रावेर, यावल, चोपडा भागातल्या बागांना सीएमव्हीचा (कुकुंबर मोझॅक व्हायरसचा), म्हणजे आपण ज्याला हरण्या म्हणतो त्या रोगाचा त्रास होतो. तो विषाणू मावा पसरवतो, आणि काकडीवर्गीय पिकं, मिरची, वांगी, टोमॅटो, चवळी यांवरही तो राहतो. म्हणून कपाशीत चांगली असलेली चवळी केळीच्या बागेत किंवा बागेच्या कडेला लावायची नाही. केण्यासारखं तणही तिथे ठेवायचं नाही. मित्रकीटकांनी मावा निम्म्यावर आणला तरी विषाणू पसरवायला उरलेला निम्मा पुरतो. "मिश्र लागवड चांगली" हे वाक्य पीक न बघता कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

आता भरताचं वांगं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या त्या हिरव्या वांग्याची चव सगळ्या खान्देशला माहीत आहे. पण छिद्र असलेलं वांगं कोण भाजेल? शेंडा व फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. आत गेली की तिच्यापर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून पतंगाने अंडं घातल्यापासून अळी आत शिरेपर्यंतचे दिवस फार मोलाचे, आणि त्या दिवसांत अंडी वेचणारे कीटक झाडावर हजर पाहिजेत. आत शिरलेल्या अळीलाही गाठणारी एक परजीवी माशी आहे, पण सगळं तिच्यावर सोडून चालत नाही. माना टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे, हे आमच्या वावरात कोथिंबीर असतानाही चालूच होतं.

गेल्या हंगामात आम्हाला फवारे आधीपेक्षा कमी लागले. हे एका वावराचं, एका हिवाळ्याचं बघणं आहे. थंडीही जास्त होती. त्यावरून मी कुणाला हमी देणार नाही.

वेळ चुकली की सगळं चुकतं

कीड आली की कोथिंबीर लावून उपयोग नाही. कोथिंबिरीला फूल यायला साधारण ४० ते ५० दिवस लागतात, ऊन जास्त असेल तर थोडं लवकर. बडीशेपेला याच्या दुपटीच्या आसपास. कीड जेव्हा वाढणार असा अंदाज आहे, त्याच्या आधी फूल उघडलेलं पाहिजे. म्हणजे हरभऱ्याला घाटे धरायच्या वेळी कोथिंबीर फुलात हवी, तर दोन्हींची पेरणी सोबतच करावी लागते. वांग्यासारख्या लांबणाऱ्या पिकात एकदाच पेरून भागत नाही. पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरली तर एक सरी सुकते तोवर दुसरी फुलते.

आम्ही सगळ्या सऱ्या फुलावर सोडल्या नाहीत. निम्म्या हिरव्या कापून विकल्या, कारण घर चालवायचं असतं. पण निम्म्या ठेवल्या. धनेही झालेच.

जे मित्र ओळखले नाहीत

माझ्या नात्यातल्या एकाने चवळीवर काळ्या-नारिंगी, काटेरी, छोट्या मगरीसारख्या अळ्या बघितल्या. नवीन कीड आली म्हणून दुकानातून औषध आणून त्याच दिवशी मारलं. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. लाल गोल ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, त्याचं पोर कुणालाच नाही. आठ दिवसांनी मावा पहिल्यापेक्षा दाट परत आला, कारण मावा पिल्लं घालतो आणि फार लवकर वाढतो, ढालकिड्याची पिढी तयार व्हायला मात्र काही आठवडे लागतात. मला त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं, कारण मी आधी सांगू शकलो असतो.

तसाच गैरसमज फुगलेल्या माव्याबद्दल. पानाच्या मागे माव्याच्या घोळक्यात काही मावे हलत नाहीत, फुगून गोल झालेले असतात आणि रंग सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कोरडा. टोचलं तर आत रिकामं. पाठीवर सुईने कापल्यासारखं गोल दार. त्या दारातून परजीवी माशी बाहेर पडून गेलेली असते. असे मावे दिसायला लागले की दोन-चार दिवस थांबा आणि पुन्हा मोजा.

मोजणं हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कपाशीवर दर पानाला दोन-तीन तुडतुडे, गुलाबी बोंडअळीच्या एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग, अशा पातळ्या कृषी विद्यापीठांनी ठरवून दिल्या आहेत. त्या ओलांडल्या की फवारणी करावी लागते, त्यात कमीपणा नाही. आधी निंबोळी अर्क, फवारा संध्याकाळी, फुलांची सरी सोडून. हंगामाच्या सुरुवातीला सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं मारू नका. ती मित्रकीटकांना सरसकट मारतात आणि पुढे पांढरी माशी उसळते.

काही किडींपुढे या फुलांचं फार चालत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते आणि बोंड उमललं तरी सरकीत टिकून राहते. तिथे वेळेवर कपाशी काढणं, फरदड (त्याच झाडांवरचा पुढचा बहर) न घेणं आणि काड्या वावराबाहेर नेणं याला पर्याय नाही. मिरचीची पानं आकसवणाऱ्या बोकड्याला कारण ठरणारी पांढरी माशी आणि फुलकिडे यांवर क्रायसोपा मदत करतो, पण नंदुरबारकडच्या मोठ्या मिरचीच्या पट्ट्यात दोन ओळी कोथिंबिरीने रोग थांबेल असं मी म्हणणार नाही. फुलांचा मध पतंगही पितात, हाही यातला तोटा आहे. आणि कोथिंबिरीवर तिचा स्वतःचा मावा आणि भुरी येते, तिच्याकडेही बघावं लागतं.

यंदा दिवाळी झाल्यावर आबा घरी आले. हरभरा पेरायचा होता, गेल्या वर्षीचे धने आहेत का विचारलं. शेरभर दिले. पेरण्याआधी रगडून दोन फाकळ्या करा, सबंध दाणा नीट उगवत नाही, असं मी सांगायला लागलो, तर म्हणाले, ते मला सांगू नको, फूल ओळखायचं कसं ते दाखव. भिंग घेऊन आम्ही दोघं परसात गेलो. तिथे शेपूला नुकतीच पिवळी फुलं आली होती.